फोटोवरून तैलचित्र – घरच्या घरी!

मैत्रिणींनो, जुने फोटो कसे जपावेत याविषयी मागे लिहिलं होतं, तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या हस्ताक्षरांत येतो आहे. ‘आमच्याकडे आईचा एकच लहानसा फोटो आहे, त्याचं रंगीत तैलचित्रासारखं चित्र कम्प्युटरवर करता येतं म्हणतात, ते खरं का?’ कुणाला वडिलांच्या पंचाहत्तरीला द्यायचं आहे, कुणाला दिवाणखान्यात लावायचं आहे. एका भगिनींनी तर फोटोच पाकिटात घालून पाठवला होता. (कृपा करून असं करू नका हं! तो मी रजिस्टर्ड पोस्टाने परत केला, पण पोच मिळेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.)

तर उत्तर असं, की हो, येतं. पैसाही फारसा लागत नाही. पण मी स्वतः करून पाहिलं, दोनदा फसले, आणि तिसऱ्यांदा जमलं. त्या दोन फसगतींतूनच खरं काय ते कळलं, म्हणून आज तेच सविस्तर सांगते.

आमच्या सासूबाई आता 83 वर्षांच्या आहेत. त्यांच्या आईचा, म्हणजे ह्यांच्या आजीचा, घरात एकच फोटो. पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा, पाठीमागे शाईने 1949 असं लिहिलेलं. स्टुडिओत खुर्चीवर अक्का बसलेल्या (सगळे त्यांना अक्काच म्हणत) आणि शेजारी परकर-पोलक्यात सात वर्षांच्या आमच्या सासूबाई. त्यानंतर दोनच वर्षांनी अक्का गेल्या. सासूबाईंची नजर आता अधू झाली आहे. एवढ्याशा फोटोतला चेहरा त्यांना भिंग लावूनही नीट दिसत नाही. एकदा सहज म्हणाल्या, “अगं, मला आता अक्का आठवत नाही. फोटोतली अक्काच आठवते.” ते वाक्य माझ्या मनात राहिलं. म्हटलं, मोठं चित्र करून ह्यांच्या खोलीत लावू.

पहिला प्रयत्न लेकीने केला. तिने मोबाइलवर फोटो काढला, कुठल्याशा ॲपला दिला आणि चहा उकळेपर्यंत तैलचित्र हजर! ही यंत्राची किमया काही अगदी नवी नाही. 2015 साली जर्मनीतल्या ट्यूबिंगन इथल्या संशोधकांनी एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर उतरवायची रीत प्रसिद्ध केली, 2016 साली ‘प्रिझ्मा’ नावाच्या ॲपने तशी चित्रं घरोघर पोहोचवली, आणि 2025 च्या मार्चमध्ये तर जो तो आपल्या कुटुंबाचं जपानी कार्टूनपटासारखं चित्र करून पाठवत होता. अलीकडची ही ॲप्स फोटोवर नुसते रंग चढवत नाहीत, फोटो पाहून नवा चेहराच तयार करतात. फोटो पुसट असला की उरलेलं आपल्या मनाने भरतात. आमच्या अक्कांचं नाक सरळ झालं, रंग उजळला, भुवया कोरल्या गेल्या आणि वय दहा वर्षांनी उतरलं. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “सिनेमातली आहे का गं ही?”

शिवाय अशी बरीचशी ॲप्स आपला फोटो दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या कम्प्युटरवर पाठवून चित्र करतात. सहलीचा फोटो असेल तर एक वेळ ठीक. पण घरातल्या मुलीबाळींचे फोटो असे पाठवण्याआधी त्यांच्या अटी वाचाव्यात, हे माझं मत. लेकीला ते जुनाट वाटतं, वाटू दे.

म्हणून मी ठरवलं, आपल्या हाताने करायचं. त्यासाठी ‘गिंप’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे (स्पेलिंग जी-आय-एम-पी). तो फुकट मिळतो आणि साध्याशा कम्प्युटरवर चालतो. 1995 साली अमेरिकेत बर्कली इथल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी त्याची सुरुवात केली. पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी तो वाढवला. मार्च 2025 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. ज्यांच्याकडे ‘फोटोशॉप’ आहे त्यांनी तो वापरावा, त्यातही ‘ऑइल पेंट’ म्हणून सोय आहे. पण त्याला पैसे पडतात, आणि आपल्याला वर्षातून दोन चित्रं करायची, तेवढ्यासाठी नको.

आधी फोटो कम्प्युटरमध्ये घ्यायचा, आणि इथेच बहुतेकींचं काम बिघडतं. झेरॉक्सच्या दुकानात ‘स्कॅन करून द्या’ म्हटलं की ते कागदपत्रांसारखं करून देतात, एका इंचाला 200 नाही तर 300 ठिपके. लहान फोटोला ते पुरत नाही. ‘1200 डीपीआय, कलरमध्ये, आणि जेपीजी नको, टिफ किंवा पीएनजी द्या’ असं कागदावर लिहूनच न्यावं. फोटोत अक्कांचा चेहरा जेमतेम 2 सेंटिमीटर. 1200 ला स्कॅन केल्यावर त्यात उंचीला साडेनऊशेच्या आसपास ठिपके मिळाले. तो चेहरा छापताना 12 सेंटिमीटर केला तरी इंचाला 200 पडतात, आणि रंगाच्या फटकाऱ्यांच्या चित्राला तेवढे भरपूर.

फोटो काळा-पांढरा असला तरी कलरमध्येच स्कॅन करून घ्यायचा, हे मी अनुभवाने सांगते. माझं पहिलं स्कॅन काळ्या-पांढऱ्यात होतं. मी मोठ्या हौसेने कपाळावर लाल कुंकू रेखलं, तर करडं! पुन्हा लाल घेतला, पुन्हा करडं. अर्धा तास मी माउस आपटत बसले होते. कारण साधं होतं. तसल्या फाइलमध्ये रंगाला जागाच नसते. ‘इमेज’ मेनूत ‘मोड’ आणि त्यात ‘आरजीबी’ निवडलं की जागा होते. पण रंगीत स्कॅनचा आणखी एक फायदा आहे. जुन्या फोटोवर जे पिवळट डाग पडतात ते लाल प्रकाशात फिके दिसतात. तेव्हा ‘कलर्स’ मेनूतल्या ‘कम्पोनंट्स’मध्ये ‘मोनो मिक्सर’ उघडायचा, लालपुढे 1 आणि हिरव्या-निळ्यापुढे शून्य ठेवायचं. अर्धे डाग आपोआप नाहीसे होतात. काळ्या-पांढऱ्या स्कॅनवर हे साधत नाही.

फोटो जुन्या फ्रेममध्ये काचेला चिकटला असेल तर ओढून काढायला जाऊ नका. वरचा थर काचेलाच राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकट सकाळी खिडकीपाशी सावलीत ठेवून मोबाइलने फोटो घ्या. फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला अगदी समांतर. काचेत आपलंच प्रतिबिंब दिसत असेल तर काळं कापड अंगाभोवती धरावं. मी घरातली काळी शाल वापरली.

आता साफसफाई. गिंपमध्ये फोटो उघडला की पहिल्यांदा ‘लेअर’ मेनूतून ‘ड्युप्लिकेट लेअर’ करून घ्या. लेअर म्हणजे थर. एकावर एक ठेवलेले ट्रेसिंगचे कागदच समजा ना. मूळ फोटोचा थर खाली तसाच ठेवायचा, त्याला कधीही हात लावायचा नाही. काम वरच्या प्रतीवर. ‘कलर्स’मध्ये ‘लेव्हल्स’ आहे, तिथे डोंगरासारखा आलेख दिसतो. त्याच्या खालचे डावे-उजवे त्रिकोण डोंगराच्या पायथ्यापर्यंत सरकवले की विटलेला फोटो उठावदार होतो. मग ओरखडे आणि ठिपके. त्यासाठी ‘हील’ हे हत्यार (कीबोर्डवर ‘एच’ दाबा). कंट्रोल दाबून जवळच्या स्वच्छ जागी एकदा क्लिक करायचं आणि मग डागावर फिरवायचं. रफू करताना जवळचाच धागा घेतो, अगदी तसं.

हे काम इतकं छान वाटतं, की थांबवत नाही. मी दोन दुपारी बसून अक्कांचा चेहरा लख्ख केला. मग रंग भरले, ‘तैल’ केलं, आणि संध्याकाळी सासूबाईंना कम्प्युटरसमोर आणून बसवलं. त्या खूप वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, गहिवरल्या असतील. मग माझ्याकडे वळून अगदी सहजपणे विचारलं, “बाई छान आहे. कुणाची गं?”

मी म्हटलं, “आई, अक्का आहेत तुमच्या.”

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “इथे, ह्या गालावर खळगे होते. देवी आल्या होत्या तिला लहानपणी. मी मांडीवर बसून बोटाने मोजायची ते. आणि लुगडं हिरवं कुठलं? जांभळं होतं, इरकली, लाल काठाचं.”

मैत्रिणींनो, मी धुळीचे ठिपके म्हणून जे पुसले होते ते देवीचे व्रण होते! देवीचा रोग जगातून गेला असं 1980 साली जाहीर झालं. आपल्या मुलांनी असे चेहरे पाहिलेलेच नाहीत, आणि आपणही विसरत चाललो आहोत. जुन्या फोटोत मात्र ते पुष्कळ सापडतात. मला त्या रात्री झोप लागली नाही. हे चित्र तसंच भिंतीवर लागलं असतं, तर सासूबाईंना रोज सकाळ-संध्याकाळ तीच गुळगुळीत गालांची बाई दिसली असती, आणि जी थोडीफार अक्का त्यांच्याजवळ उरली आहे तिच्या जागी हळूहळू ही येऊन बसली असती. फोटोतली अक्काच आठवते, असं त्या म्हणाल्याच होत्या की.

तेव्हा धूळ कोणती आणि चेहऱ्यावरची खूण कोणती, हे ओळखायला शिकले. धुळीचा ठिपका सपाट असतो, नुसता पांढरा किंवा नुसता काळा. आणि तो चेहऱ्यावर असतो तसा पदरावर, खुर्चीवर, मागच्या पडद्यावरही असतो. व्रणाला मात्र खोली असते. फोटो मोठा करून पाहिला की त्याची एक कड उजळ आणि एक कड सावलीतली दिसते. शिवाय स्टुडिओत उजेड एकाच बाजूने येत असल्यामुळे सगळ्या व्रणांची सावली एकाच बाजूला पडते. सुरकुत्या आणि खळी यांनाही हीच कसोटी. तीळ मात्र सपाट असतो, तो फसवतो. म्हणून पुसण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवावं आणि एकेक विचारावं. मी दुसऱ्या खेपेस तेच केलं. सासूबाई शेजारी वाती वळत बसत आणि मधूनच सांगत. त्या चार दुपारींत मला अक्कांबद्दल जेवढं कळलं तेवढं लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

रंगांचं म्हणाल तर काळ्या-पांढऱ्या फोटोवरून लुगड्याचा रंग कुणालाच सांगता येत नाही. गडद हिरवा, जांभळा आणि तांबडा, तिन्ही जवळजवळ सारखेच करडे दिसतात. तिथे आठवणीवर विसंबावं लागतं. रंग भरायला एक नवा, पारदर्शक थर घ्यायचा आणि थरांच्या यादीवर जिथे ‘मोड’ असं लिहिलेलं असतं तिथे ‘एचएसएल कलर’ निवडायचं. आता ब्रशने रंग लावला की फक्त रंग चढतो, खालचे उजेड-सावली जशाच्या तशा राहतात. कातडीसाठी एक थर, लुगड्यासाठी दुसरा, कुंकवासाठी तिसरा; म्हणजे एक चुकला तर बाकीचे पुसावे लागत नाहीत. आमचं हिरवं लुगडं जांभळं करायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, ती त्यामुळेच. अगदी पांढऱ्याशुभ्र किंवा काळ्याकुट्ट भागावर मात्र या रीतीने रंग दिसत नाही, तेव्हा ब्रश घासत बसू नये.

चेहऱ्याला एकच ‘स्किन कलर’ फासू नका. त्याने माणूस प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखं दिसतं. कपाळ जरा पिवळट, गाल-नाक-कान लालसर, हनुवटीखालची सावली तपकिरी. आणि रंग सगळे फिके, जसा कढीला हळदीचा. आपल्या माणसांचा सावळा रंग उजळ करायचा मोह होतो. मला झाला, कबूल करते. सासूबाई म्हणाल्या, “आमची अक्का काळीच होती हो, चांगली तुकतुकीत.” मग गडद केलं.

काळ्या-पांढऱ्या फोटोला हाताने रंग देणं ही आपल्याकडची जुनीच कला. रंगीत फिल्म सर्रास झाली नव्हती तेव्हा गावोगावच्या स्टुडिओत एक तरी माणूस कापूस आणि बारीक ब्रश घेऊन हेच करत बसलेला असे. पैठणीचा काठ, ओठ, मागचा पडदा. आणि छापील चित्राला तैलचित्राचा भास देणं, तेही जुनंच. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती तुमच्या-माझ्या आजीच्या देवघरात होत्या. त्यांना ओलिओग्राफ म्हणत, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छपाई. तेव्हा ‘हे काय खरं चित्र नव्हे’ म्हणून कुणी नाक मुरडलं तर देवघराकडे बोट दाखवावं!

आता मुख्य काम, फटकारे. रंग मनासारखे झाले की ‘लेअर’ मेनूत ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ म्हणायचं. दिसतं आहे तसं सगळं एका थरात येतं. या थराच्या आणखी दोन प्रती करा, एकूण तीन. ‘फिल्टर्स’, त्यात ‘आर्टिस्टिक’, त्यात ‘ऑइलिफाय’. हे यंत्र काय करतं ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. चित्रातला प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या ठिपक्यांना विचारतो, ‘तुमच्यात जास्त जण कुठल्या छटेचे?’ आणि बहुमताची छटा आपण घेतो. किती लांबपर्यंत विचारायचं ते ‘मास्क रेडियस’ या आकड्याने ठरतं. आकडा मोठा तसा फटकारा मोठा.

बहुमताचं राज्य म्हटलं की अल्पसंख्याक बुडालेच! डोळ्यातला चमकीचा बिंदू, नथीचा मोती, पापण्या, ओठांच्या कोपऱ्यातली रेघ, आणि अक्कांचे ते व्रण, सगळे थोडके ठिपके. तेच आधी जातात. आणि माणूस ओळखू येतं ते नेमकं याच थोडक्या ठिपक्यांवरून. पहिल्या वेळी जे मी हाताने पुसायचं राहिलं होतं ते ऑइलिफायने पुसून टाकलं होतं.

म्हणून तीन थर. सर्वांत खालच्याला रेडियस 12 द्या. पडदा, खुर्ची, लुगडं यांना तो मोठा फटकारा शोभतो. मधल्याला 4 किंवा 5, तो चेहरा आणि हातांसाठी. वरचा मात्र मुळीच ‘तैल’ करायचा नाही. आता मधल्या आणि वरच्या थरावर उजवं बटण दाबून ‘ॲड लेअर मास्क’ म्हणा आणि काळा मास्क निवडा. काळा मास्क म्हणजे थरावर टाकलेला पडदा, थर आहे पण दिसत नाही. या पडद्यावर पांढऱ्या रंगाने, मऊ कडांच्या ब्रशने जिथे रंगवाल तिथे थर दिसू लागतो. चुकून जास्त झालं तर काळ्याने परत झाका. मधल्या थराच्या मास्कवर चेहरा आणि हात रंगवायचे. वरच्यावर फक्त डोळे, नाकपुड्या, ओठांचे कोपरे आणि अंगावरची जी काही खूण असेल ती, आणि तेही ब्रशची ‘ओपॅसिटी’ 40 च्या आसपास ठेवून, हळूहळू. एकदम पूर्ण उघडलं तर चित्रात मधेच फोटो चिकटवल्यासारखा दिसतो.

अक्कांच्या गालावरून मी तो ब्रश फिरवत होते तेव्हा एकेक खळगा वर येताना दिसत होता. सासूबाई वाती ठेवून पुढे वाकल्या होत्या. म्हणाल्या, “अजून एक, कानाजवळ.” तिथे मला तर काही दिसत नव्हतं. मूळ फोटो मोठा करून पाहिला तर होता!

थोडं हाताने करायलाही हवं, नाहीतर सगळीकडे एकसारखी खिचडी दिसते. ‘स्मज’ नावाचं बोटाच्या आकाराचं हत्यार आहे, ओला रंग बोटाने ओढावा तसं काम करतं. ते नेहमी आकाराच्या वळणाने फिरवायचं. गालावर गोल, नाकावर वरून खाली, पदरावर चुण्यांच्या दिशेने, केसांवर भांगापासून अंबाड्याकडे. उजेड कुठून येतो ते विसरायचं नाही. हे समजायला एखादं चांगलं चित्र डोळ्यांपुढे ठेवावं. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’, हातात समई घेतलेल्या मुलीचं, तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. मूळ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते तैलचित्र वाटतं, पण आहे जलरंगातलं. त्यात ज्योतीचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो आणि आडोशाला धरलेल्या बोटांतून लाल होऊन झिरपतो. चेहऱ्याचा बराचसा भाग अंधारातच आहे, आणि तरीही चेहरा संपूर्ण दिसतो. आपण हौशी बायका सगळंच उजळ करायला जातो, तिथे ते चित्र आठवावं.

शेवटी ‘आर्टिस्टिक’मध्येच ‘अप्लाय कॅनव्हास’ आहे, चित्रावर विणीचा पोत येतो. साध्या कागदावर छापणार असाल तरच वापरा, खोली 1 किंवा 2. खऱ्या कॅनव्हासवर छापणार असाल तर नको, कापडावर कापड दिसतं.

काम चालू असताना फाइल गिंपच्या स्वतःच्या ‘एक्ससीएफ’ प्रकारात ठेवायची, म्हणजे थर सुटे राहतात. छपाईसाठी ‘एक्सपोर्ट ॲज’ करून टिफ किंवा पीएनजी. ज्या जाहिरातींचे फलक छापतात त्यांच्याकडे किंवा मोठ्या फोटो लॅबमध्ये कॅनव्हासवर छापून मिळतं. चौकटीवर ताणून घ्यायचं असेल तर चारही बाजूंना 5 सेंटिमीटर जास्तीचा भाग ठेवावा, नाहीतर पदराचा काठ मागे दुमडला जातो. आणि आधी चेहऱ्याचा एवढासा तुकडा नमुना म्हणून छापून बघाच. पडद्यावर उजेड मागून येतो, कापडावर येत नाही. त्यामुळे छापलेलं नेहमी जास्त काळपट दिसतं. आमच्या नमुन्यात अक्कांची हनुवटी गळ्यात मिसळून गेली होती. ‘लेव्हल्स’मध्ये मधला त्रिकोण थोडा डावीकडे घेतला, मग ठीक झालं.

स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत अशा चित्राला वाईट. फोडणीचा तेलकट धूर कॅनव्हासच्या विणीत जाऊन बसतो आणि निघत नाही. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन, तेही टाळा. पुसायचं कोरड्या, मऊ कुंचल्याने. ओलं फडकं नको, आणि कामाच्या बाईंनाही तसं सांगून ठेवा. मूळ फोटो चित्र झालं म्हणून कपाटात कुठेतरी टाकू नये. कागदी पाकिटात, आडवा, कोरड्या जागी. त्याच्या पाठीमागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने हलकेच. बॉलपेनची खोच पुढच्या बाजूला उमटते.

आमचं चित्र 30 गुणिले 40 सेंटिमीटरचं झालं. हे खिळा ठोकायला उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे आपल्या डोळ्यांच्या उंचीला खूण केली. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “तिथे कुणासाठी? मी काय उभी राहून बघणार आहे?” मग खूण खाली आणली, जमिनीपासून साडेतीन फूट, त्यांच्या उशीसमोर. पाहुणे आले की त्यांना ते भलतंच खाली लावलेलं दिसतं, आणि कुणी ना कुणी तसं बोलून दाखवतंच. सासूबाई त्यांना उत्तर देत नाहीत. चष्मा लावतात, हाताला धरून जवळ नेतात आणि गालावरचे खळगे मोजून दाखवतात. अकरा आहेत.